दौतीतले रंग, लेखांक ६ : रॉयल ब्लू, ब्लू-ब्लॅक आणि बाकीच्या

शाई निवडताना बाटलीवरच्या छापील ठिपक्यावर विसंबू नये, आणि मोबाइलच्या पडद्यावर तर मुळीच नाही. लेबलवरचा रंग छापखान्यातल्या शाईचा असतो, पडद्यावरचा रंग प्रकाशाचा. पेनात भरायची शाई या दोहोंहून वेगळी वागते. ती पाण्यात विरघळलेला रंग असते आणि कागदावर तिचा अगदी पातळ, पारदर्शक थर बसतो. उजेड त्या थरातून आत जातो, खालच्या पांढऱ्या कागदावर आपटून परत येतो आणि येता-जाता त्यातला काही भाग शाई शोषून घेते. म्हणून थर जाड झाला की तीच शाई गडद दिसते, पातळ झाला की फिकी, आणि कागद पिवळसर असला की निळ्यात हिरवट झाक येते. आपल्या पेनाने, आपल्या वहीवर, आपल्या गावच्या हवेत लिहून पाहिल्याशिवाय रंग कळत नाही. गेले पाच आठवडे पेन आणि निब यांच्याविषयी लिहिले ते या लेखापर्यंत यायचे होते म्हणूनच.

गावची हवा म्हटले ते उगाच नाही. जालन्यातल्या मस्तगडच्या जुन्या वस्तीत, एप्रिल-मेच्या दुपारी, पारा चाळिशीपार गेलेला असताना टोपण काढलेले पेन थोडा वेळ नुसते हातात धरून बसा आणि मग लिहा. पहिला शब्द गडद उमटतो, पुढचे हळूहळू फिके होत जातात. कोरड्या हवेत निबच्या टोकाशी असलेले पाणी उडून जाते, रंग मागे राहतो आणि शाई दाट होते. श्रावणात याच्या उलट घडते. कागद हवेतली ओल पितो, शाई तंतूंच्या कडेने फुटते आणि बारीक निबची रेघही जाड दिसू लागते. उन्हाळ्यात पाहिलेली एक शाई आणि पावसाळ्यात पाहिलेली दुसरी यांची तुलना करण्यात म्हणूनच अर्थ नाही. जितक्या शाया ताडून पाहायच्या असतील तितक्या एकाच दिवशी, एकाच कागदावर, एकाच पेनाने लिहाव्यात, आणि मधे पेन पूर्ण धुऊन वाळवावे. हे किचकट वाटते म्हणून बरेच जण काचेचा टाक वापरतात. सोय म्हणून तो चांगला, पण टाकातून शाई पेनापेक्षा भरपूर उतरते, त्यामुळे सगळेच रंग जरा जास्त गडद दिसतात. टाकाने रंगांची आपसातली तुलना होते. पेनातून तो रंग कसा उतरेल, हे मात्र पेनच सांगते.

मस्तगडचे नाव घेतले आहे तर थोडे मागे जाऊ. निजाम आसफजाहच्या हुकमाने काबिलखानाने इथला किल्ला आणि गढी १७२५ साली बांधल्याची नोंद सापडते, आणि गढीत फारसी शिलालेख आहे. त्याआधी अकबराच्या काळात अबुल फझल काही काळ जालन्यात राहिला होता. ज्याच्या ‘आईन-ए-अकबरी’त लेखनकलेवर स्वतंत्र प्रकरण आहे, तोच हा अबुल फझल. त्या काळची शाई म्हणजे काजळी आणि बाभळीचा डिंक. दिव्याची काजळी धरायची, डिंकाच्या पाण्यात तासन् तास खलायची आणि बोरूने लिहायचे. लाल हवा असेल तर हिंगूळ, आणि पोथीत चूक झाली तर तीवर हरताळाचा पिवळा हात. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात हाताने कागद बनत असे. तो खळ लावून, दगडाने घोटून गुळगुळीत करीत, म्हणजे शाई आत न शिरता वर बसावी. मोडीतली तीनशे वर्षांपूर्वीची पत्रे आजही काळीकुळीत दिसतात याचे कारण सरळ आहे. काजळी म्हणजे कार्बन, आणि उन्हाला कार्बनचे काही बिघडवता येत नाही. पण काजळीचे कण पाण्यात विरघळत नाहीत, नुसते तरंगतात, आणि डिंक वाळला की दगड होतो. ही शाई फाउंटन पेनात घातली तर पेन गेले म्हणून समजा. चित्रकलेची काळी शाई पेनात भरू नये ती याच कारणाने.

पेनाला हवी होती विरघळलेली शाई. १८५६ साली लंडनमध्ये विल्यम पर्किन या अठरा वर्षांच्या मुलाने क्विनीन बनवण्याच्या खटपटीत जांभळा कृत्रिम रंग मिळवला. त्यानंतर डांबरापासून रंग काढण्याची रांगच लागली. १८८४ साली वॉटरमनच्या पेनाला पेटंट मिळाले, तेव्हा त्यात भरायला असे रंग तयार होते. आपल्याकडे शाई आली ती विलायती बाटल्यांतून, आणि तिला उत्तरही लवकरच मिळाले. दिगंबर परशुराम दांडेकर यांनी १९३१ साली मुंबईत गिरगावात ‘हॉर्स ब्रँड’ नावाने शाईची पूड आणि गोळ्या करायला सुरुवात केली. त्यातून पुढे कॅम्लिन उभी राहिली. बंगालमध्ये राजशाहीला मैत्र बंधूंनी १९३४ साली ‘सुलेखा’ काढली. शाळेत दौतीत गोळी टाकून पाणी ओतलेल्या पिढीला या उद्योगाचे मोल वेगळे सांगायला नको. माझ्या मते स्वदेशीच्या इतिहासात खादीला जेवढी पाने मिळतात, त्यातले एखादे तरी शाईला मिळायला हवे होते.

आता रंगांकडे. शाळेतली निळी, म्हणजे रॉयल ब्लू, ही सर्वांत जास्त वापरली जाणारी आणि सर्वांत कमी टिकणारी शाई. तिच्यातला निळा रंग ट्रायअरिलमिथेन या कुळातला. चमकदार, स्वस्त, पाण्यात सहज विरघळणारा, कपड्यावर पडला तर बऱ्यापैकी धुऊन निघणारा. जे धुऊन निघते ते कागदावरूनही निघते. जर्मनीत शाळकरी मुले ही शाई पुसण्याचे खास पेन वापरतात. त्यातल्या द्रावणाने या रंगाच्या रेणूची रचना बदलते आणि निळा दिसेनासा होतो. ऊन हेच काम सावकाश करते. पाहायचे असेल तर एका पट्टीवर रॉयल ब्लूने ओळ लिहा, तिचा अर्धा भाग जाड पुठ्ठ्याने झाका आणि दक्षिणेच्या खिडकीत काचेमागे ठेवा. काही आठवड्यांनी पुठ्ठा उचलला की झाकलेली आणि उघडी बाजू दोन वेगळ्या शायांची वाटते. घरात जुन्या पत्रांच्या चौकटी भिंतीवर लावणाऱ्यांनी हा प्रयोग आधी जरूर करावा.

ब्लू-ब्लॅकची गोष्ट उलटी आहे, आणि मला सर्वांत प्रिय आहे. खरी जुनी ब्लू-ब्लॅक लिहिताना निळी असते आणि दिवसागणिक काळी होत जाते. तिच्यात दोन शाया एकत्र असतात. एक नुसता निळा रंग, लिहिलेले लगेच दिसावे म्हणून. दुसरी म्हणजे हिराकस, म्हणजेच लोखंडाचे सल्फेट, आणि मायफळातले टॅनिन. मायफळ आपल्या बाळगुटीतले, ओकच्या झाडावर किडीमुळे धरणारी गाठ. बाटलीत असताना लोखंड आणि टॅनिनचे हे मिश्रण जवळजवळ रंगहीन असते. कागदावर आले की हवेतला प्राणवायू त्याला मिळतो आणि काळा, न विरघळणारा पदार्थ कागदाच्या तंतूंतच तयार होतो. लोखंडी कढईत आवळा शिजवला की काळा पडतो, ती हीच क्रिया. पुढे निळा उडून गेला तरी काळे जागेवर राहते. इंग्लंडात जन्म, मृत्यू आणि विवाह यांच्या नोंदवह्यांसाठी अशीच शाई दीर्घकाळ वापरली गेली, आणि डायमाइनची ‘रजिस्ट्रार्स’ शाई आजही मिळते.

मात्र बाटलीवर ब्लू-ब्लॅक लिहिले म्हणजे आत लोखंड आहेच असे नाही. आजच्या पुष्कळ ब्लू-ब्लॅक शाया केवळ गडद निळ्या रंगाच्या आहेत. ओळख पटवायला साधी परीक्षा आहे. लिहिलेला कागद दोन-तीन दिवस राहू द्या, मग त्यावर पातळ ब्लीचचा एक थेंब सोडा. केवळ रंग असेल तर अक्षर नाहीसे होते. लोखंड असेल तर गंजासारखी तपकिरी खूण मागे उरते. दस्तऐवजावर सही करणाऱ्यांनी, डायरी लिहिणाऱ्यांनी, पुढच्या पिढीसाठी काही लिहून ठेवणाऱ्यांनी हीच शाई घ्यावी, हे माझे स्पष्ट मत. तिची किंमत एवढीच की ती आम्लधर्मी असते, स्टीलच्या निबला दीर्घकाळात खाते. ती भरलेले पेन महिनोन् महिने पडून राहू देऊ नये.

काळ्या शाईत बाकी एक गंमत दडलेली आहे. शाळेच्या प्रयोगशाळेतला गाळणकागद घ्या, त्याची पट्टी कापून खालच्या टोकाच्या जरा वर काळ्या शाईचा ठिपका द्या आणि पट्टीचे टोक पाण्यात बुडवा, ठिपका पाण्याबाहेर राहील असे. पाणी वर चढताना ठिपका फुटतो आणि जांभळा, निळा, कधी नारिंगी, कधी पिवळा असे पट्टे वेगळे होतात. कारण काळी शाई बहुधा अनेक रंगांची मोट असते, आणि प्रत्येक रंगाची कागदाला धरून राहण्याची ताकद वेगळी. दोन कंपन्यांच्या काळ्या शाया शेजारी ठेवल्या तर एक तांबूस आणि एक निळसर का वाटते, हे ही पट्टी लगेच दाखवते. मुलांबरोबर करण्याजोगा यापेक्षा चांगला प्रयोग मला माहीत नाही.

लाल आणि हिरवी यांच्याविषयी थोडक्यात. दोन्ही दुरुस्तीला चांगल्या, सलग वाचायला डोळ्यांना थकवणाऱ्या. सरकारी कामात त्यांना मान आहे. केंद्रीय सचिवालयाच्या कार्यपद्धतीनुसार हिरवी किंवा लाल शाई सहसचिव आणि त्यावरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यांनीच, तीही क्वचित प्रसंगी वापरायची असते. बाकीच्यांनी निळी किंवा काळी. जांभळ्या आणि मोरपंखी शाया मात्र पत्रांसाठी अवश्य घ्याव्यात. मोरपंखीत तर रुंद निबने लिहिले की एकाच अक्षरात फिकट आणि गडद अशा दोन छटा उतरतात, कारण रेघेच्या शेवटी शाई साचते.

रंग बदलताना पेन धुवायचे, ते ऊर्ध्वपातित (डिस्टिल्ड) पाण्याने. आपल्याकडचे बोअरचे पाणी बेसॉल्टातून येते, क्षार भरपूर. तेच पाणी वाळले की निबखालच्या फीडच्या बारीक खाचांत पांढरा थर बसतो आणि शाई अडते. आणि दोन कंपन्यांच्या शाया एका पेनात मिसळू नयेत. एक आम्लधर्मी आणि दुसरी अल्कधर्मी निघाली तर आत गाळ धरतो. मिसळायचा मोह आवरत नसेल तर आधी दोन्हींचे काही थेंब काचेच्या छोट्या बाटलीत एकत्र करा आणि आठवडाभर ठेवा. तळाशी काही बसले नाही तरच पेनात भरा.

पुढच्या लेखांकात कागद: किती जीएसएमचा, कोणत्या खळीचा, आणि शाई पाठीमागे का उमटते.