भूमिगत ठेवा आणि त्याची राखण

जमिनींत पुरलेलें धन सांपडलें, म्हणजे त्याचें वजन किती व मोल किती, हाच प्रश्न आपल्या मनांत प्रथम उभा राहतो. इतिहाससंशोधकाचा प्रश्न निराळा असतो. ती वस्तु कोठें होती, किती खोल होती, तिच्या शेजारीं काय होतें, हें त्यास हवें असतें. वस्तु एकदां उपटून काढली कीं हें ज्ञान नष्ट होतें. मग कितीहि द्रव्य वेंचलें तरी तें परत मिळत नाहीं. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरील सफोक परगण्यांत लागलेल्या तीन शोधांवरून ही गोष्ट विद्यार्थ्यांच्या ध्यानांत येईल.

पहिला शोध सटन हू येथील. तेथें डेबेन नदीच्या कांठीं मातीचे प्राचीन उंचवटे आहेत. जमिनीच्या मालकीण मिसेस इडिथ प्रेटी यांनीं १९३८ सालीं ते खणण्याचें काम बॅसिल ब्राउन यांजवर सोंपविलें. ब्राउन यांचें शालेय शिक्षण बेताचेंच. पण त्या परगण्यांतील मातीची पारख त्यांस उत्तम होती. १९३९ सालीं एक मोठा उंचवटा खणतांना त्यांस गंजलेले लोखंडी खिळे लागले. ते उपटून न काढतां त्यांनीं जागच्या जागीं राहूं दिले आणि हलक्या हातानें आंतील वाळू उपसली. लांकूड कधींच कुजून गेलें होतें. परंतु खिळ्यांच्या रांगा व वाळूंत उमटलेला ठसा यांवरून सुमारें २७ मीटर लांबीच्या नौकेचा आकार प्रकट झाला. केंब्रिजचे चार्ल्स फिलिप्स व त्यांचे सहकारी यांनीं मध्यभागाचें खोदकाम केलें, तेव्हां शिरस्त्राण, तरवार, सोन्याचे अलंकार व रुप्याचीं भांडीं मिळालीं. सातव्या शतकांतील एका राजाचें तें दफन असावें. चौकशीअंतीं तें सर्व धन मिसेस प्रेटी यांचें ठरलें. आणि त्यांनीं तें ब्रिटिश म्यूझियमला दान केलें.

दुसरा शोध मिल्डनहॉलचा. १९४२ सालीं शेत नांगरतांना रोमन काळचीं रुप्याचीं भांडीं सांपडलीं. त्यांतील एका थाळीचेंच वजन ८ किलोग्रॅमहून अधिक आहे. पण अधिकाऱ्यांस वर्दी मिळाली ती १९४६ सालीं. भांडीं आज म्यूझियममध्यें सुरक्षित आहेत. परंतु जागेची तपासणी वेळेवर न झाल्यामुळें त्यांच्या पुरण्याचा इतिहास अंधारांतच राहिला.

तिसरा शोध हॉक्सन येथील. १९९२ च्या नोव्हेंबरांत एका शेतकऱ्याचा हातोडा शेतांत हरवला. त्याचे स्नेही एरिक लॉज धातुशोधक यंत्र घेऊन तो शोधूं लागले, तों सोन्यारुप्याचीं नाणीं हातीं आलीं. लॉज यांनीं खणणें थांबविलें आणि वर्दी दिली. दुसऱ्याच दिवशीं तज्ज्ञांनीं तो ठेवा पद्धतशीर रीतीनें बाहेर काढला. सुमारें १५,००० नाणीं निघालीं; शिवाय पेटींत कोणती वस्तु कोठें ठेवली होती हेंहि समजलें. नाण्यांवरून हा ठेवा इ. स. ४०७ नंतर, म्हणजे ब्रिटनमधील रोमन सत्ता ढासळत असतां, पुरला गेला असें ठरतें. त्यांत मिरपूड ठेवण्याचीं रुप्याचीं चार पात्रें आहेत. रोमन लोकांकडे काळीं मिरीं येत तीं आपल्या मलबार किनाऱ्यावरून! लॉज यांस साडेसतरा लक्ष पौंडांचें बक्षीस मिळालें. तें त्यांनीं शेतकऱ्यास वांटून दिलें. हरवलेला हातोडाहि सांपडला व तोहि ब्रिटिश म्यूझियममध्यें आहे.

१९९६ सालीं पार्लमेंटानें याविषयीं नवा कायदा केला. त्याअन्वयें असा ठेवा सांपडल्यास १४ दिवसांत कोरोनर नांवाच्या अधिकाऱ्यास कळवावें लागतें. तो लपविणें हा गुन्हा आहे. म्यूझियमनें तो घेतल्यास शोधकास व जमिनीच्या मालकास मोबदला मिळूं शकतो.

परंतु कायदा कितीहि चांगला असला, तरी धन दृष्टीस पडतें त्या क्षणीं शोधक बहुधा एकटाच असतो. त्या वेळीं त्याचा हात थांबला तरच पूर्वजांचा इतिहास वांचतो. बॅसिल ब्राउन यांनीं खिळे उपटले नाहींत आणि एरिक लॉज यांनीं पुढें खणलें नाहीं, म्हणूनच त्यांचीं नांवें आदरानें घेतलीं जातात.