रायफल ‘शिकारी’ची, बळी माणसांचे!

वस्तीतल्या एखाद्या तरुणाच्या कमरेला सुरा सापडला की पोलीस पंचनामा करतात, पंचांसमक्ष पाते मोजतात आणि शस्त्र कायद्याची कलमे लावून त्याला न्यायालयात उभे करतात. अशा पोरांची वकीलपत्रे आम्ही अनेकदा घेतली आहेत. तेव्हा सारा युक्तिवाद इंचपट्टीवर चालतो. पाते 9 इंचांपेक्षा लांब आहे काय? 2 इंचांपेक्षा रुंद आहे काय? सुरा घरकामाचा, शेतीचा की आणखी कशाचा? शस्त्र नियमांच्या अनुसूचीतील या दोन ओळींवर त्या पोराची पुढची वर्षे ठरतात. व्याख्या ही पुस्तकात पडून राहणारी गोष्ट नाही, हे आम्ही तिथे शिकलो. कायद्यातील व्याख्या माणसाला सोडवते, अडकवते आणि प्रसंगी मारतेही.

व्याख्येने माणसे कशी मरतात, हे समजण्यासाठी आज आम्ही वाचकांना एका रायफलीची कथा सांगणार आहोत.

6 डिसेंबर या तारखेचे मोल आमच्या वाचकांना सांगण्याची गरज नाही. 1989 साली याच तारखेला आम्ही चैत्यभूमीवर नतमस्तक होत असताना तिकडे कॅनडातील मॉन्ट्रियल शहरात एक तरुण अभियांत्रिकी महाविद्यालयात रायफल घेऊन शिरला. ‘एकोल पॉलिटेक्निक’ हे त्या महाविद्यालयाचे नाव. एका वर्गात त्याने मुलगे आणि मुली वेगळ्या केल्या, मुलांना बाहेर घालवले आणि तुम्ही स्त्रीवादी आहात असे म्हणत मुलींवर गोळ्या झाडल्या. पुढे इमारतीत फिरून त्याने आणखी स्त्रियांना टिपले. 14 स्त्रिया ठार झाल्या. त्यांपैकी बहुतेक अभियांत्रिकीच्या विद्यार्थिनी होत्या. शेवटी त्याने स्वतःवरही गोळी झाडली. पुरुषांची मक्तेदारी समजल्या गेलेल्या विद्येत मुली शिरल्या, हाच त्यांचा गुन्हा! सावित्रीबाईंवर शेण फेकणाऱ्या मनोवृत्तीच्या हाती रायफल आली की काय होते, ते जगाने त्या दिवशी पाहिले.

ही रायफल चोरबाजारातली नव्हती. ‘रुगर मिनी-14’ हे तिचे नाव. अमेरिकन कंपनीने 1970च्या दशकात ती बाजारात आणली. लाकडी दस्ता, साधे रूप. शेतकऱ्याच्या आणि शिकाऱ्याच्या खांद्यावर शोभेल अशी. कॅनडाच्या कायद्याने बंदुकांचे तीन वर्ग केले होते : निर्बंध नसलेल्या, निर्बंधित आणि प्रतिबंधित. मिनी-14 पहिल्या वर्गात होती. म्हणजे साधा परवाना दाखवा आणि घेऊन जा. मॉन्ट्रियलच्या मारेकऱ्याने ती दुकानातून राजरोस विकत घेतली होती.

आता या रायफलीच्या पोटात काय आहे ते पाहू. जुन्या शिकारी रायफलीत बोल्ट असतो. एक गोळी झाडली की हाताने बोल्ट मागे ओढायचा, रिकामे काडतूस बाहेर पडते, बोल्ट पुढे ढकलला की नवे काडतूस आत जाते. मगच दुसरी गोळी. सेमी-ऑटोमॅटिक म्हणजे अर्धस्वयंचलित रायफलीत हे काम गोळीच्या मागे तयार होणारा वायू करतो. माणसाने फक्त चाप ओढायचा. जितक्या वेळा चाप, तितक्या गोळ्या, मॅगझिन रिकामे होईपर्यंत. ते रिकामे झाले की काढून दुसरे लावायचे. पूर्ण स्वयंचलित बंदुकीत चाप दाबून धरला की गोळ्यांचा वर्षाव सुरू राहतो, एवढाच काय तो पुढचा फरक. मिनी-14 या नावातील 14 आकडा तरी कुठला? अमेरिकन सैन्याच्या ‘एम-14’ या रायफलीचा! तिचीच ही छोटी आवृत्ती. लष्कराचे यंत्र, शेतकऱ्याचा सदरा.

अमेरिकेने या सदऱ्यालाच कायदा मानले. 13 सप्टेंबर 1994 रोजी तिथे ‘असॉल्ट वेपन’वर बंदी घालणारा कायदा झाला. रायफल अर्धस्वयंचलित असेल, तिचे मॅगझिन निघणारे असेल आणि घडीचा दस्ता, पिस्तुलासारखी मूठ, संगिनीची खोबणी, ज्वाला लपवणारे नळीचे टोक अशा वैशिष्ट्यांपैकी दोन तिच्यात असतील, तर ती बंदीस पात्र. मारक शक्ती कशात आहे, हे न पाहता अंगावरचे दागिने मोजले गेले! कंपन्यांनी खोबणी कापली, नळीचे टोक बदलले आणि तेच यंत्र पुन्हा विक्रीस ठेवले. शिवाय बंदी लागू होणार नाही अशा साडेसहाशेहून अधिक बंदुकांची यादी कायद्यालाच जोडली होती. त्या यादीत कोण होती? घडीचा दस्ता नसलेली मिनी-14! मॉन्ट्रियलला पाच वर्षेही पूर्ण झाली नव्हती. सरळ लाकडी दस्त्याची ती शिकारीची, आणि तीच घडीचा दस्ता व पिस्तुलाची मूठ लावून आली की हल्ल्याची. गोळी मात्र तीच, वेग तोच, जखम तीच. हा तोकडा कायदाही 2004 मध्ये मुदत संपून मेला. आणि 2009 पासून तिथल्या बंदूक उद्योगाच्या संघटनेने एआर-15 सारख्या रायफलींना ‘आधुनिक क्रीडा रायफल’ म्हणायला सुरुवात केली. नाव बदलले की पाप धुतले जाते, हा खेळ आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. वाचकांना तो नवा नाही.

या रायफलीचा प्रवास इथे थांबला नाही. 22 जुलै 2011 रोजी नॉर्वेतील उटोया बेटावर वर्णद्वेषी मारेकऱ्याने युवक शिबिरातील 69 जणांचे बळी घेतले. त्याच्या हाती पिस्तूल होते आणि मिनी-14 होती. ती त्याने शिकारीच्या नावाखाली कायदेशीर परवान्यावर घेतली होती.

कॅनडाने काहीच केले नाही असे नाही. अर्धस्वयंचलित रायफलीच्या मॅगझिनवर पाच गोळ्यांची मर्यादा आली, 1995 मध्ये नवा बंदूक कायदा आला. पण मिनी-14 पहिल्या वर्गातच राहिली. उलट 2012 मध्ये लांब बंदुकांची नोंदवहीच तिथल्या सरकारने मोडीत काढली. एप्रिल 2020 मध्ये नोव्हा स्कोशिया प्रांतात 22 जणांचे हत्याकांड झाले, तेव्हा कुठे 1 मे 2020 रोजी दीड हजारांहून अधिक मॉडेलांवर बंदी आली आणि त्यात मिनी-14 होती. मॉन्ट्रियलच्या मुलींना गाडून तीस वर्षे उलटली होती! त्या दिवशी गोळ्या लागूनही वाचलेल्या नताली प्रोव्होस्ट यांनी पुढे बंदूक नियंत्रणासाठी लढा दिला आणि 2025 मध्ये त्या खासदार म्हणून निवडून आल्या. पीडितांनी कायद्याचा पाठपुरावा कसा करावा, याचा हा धडा आहे.

इथे एक प्रामाणिक आक्षेप आम्ही नोंदवतो. मॉडेलांची यादी करून बंदी घातली की कंपनी नवे मॉडेल काढते. म्हणून नोव्हेंबर 2022 मध्ये कॅनडा सरकारने यंत्रणेवर आधारित व्यापक व्याख्या मांडली. तिला सर्वांत तीव्र विरोध कोणी केला? बंदूकवाले होतेच, पण तिथल्या आदिवासींच्या ‘असेंब्ली ऑफ फर्स्ट नेशन्स’नेही ठराव करून विरोध केला. शिकार हा त्यांचा पोटाचा प्रश्न आणि घटनेने मान्य केलेला हक्क आहे. फेब्रुवारी 2023 मध्ये सरकारने ती दुरुस्ती मागे घेतली. डिसेंबर 2023 मध्ये कायदा झाला तो फक्त त्यानंतर घडवल्या जाणाऱ्या रायफलींपुरता.

आदिवासींचा हा आवाज आम्ही कधीही उडवून लावणार नाही. पण त्याचे उत्तरही आमच्याकडे आहे. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात अहिंसेचा विचार करताना मारण्याची गरज आणि मारण्याची इच्छा यांत फरक केला आहे. कायद्यानेही हाच फरक करावा. कॅनडाच्या 2020च्या आदेशात याची वाट होती. पोटासाठी शिकार करणाऱ्यांना आणि हक्कदार आदिवासींना दुसरी बंदूक मिळेपर्यंत जुनी वापरण्याची मुभा त्यात दिली होती. म्हणजे शस्त्राचे वर्गीकरण त्याच्या यंत्रणेवरून आणि अपवाद माणसाच्या खऱ्या गरजेवरून. गरजवंताला सूट द्या. पण त्याच्या गरजेचा बुरखा शहरातल्या दुकानदाराला पांघरू देऊ नका.

आता आपला कायदा पाहू. इंग्रजांच्या 1878च्या शस्त्र कायद्याने हिंदी माणसावर परवान्याची सक्ती केली आणि युरोपीयांना सूट दिली. शस्त्रापेक्षा माणसाचा वंश पाहणारे ते वर्गीकरण होते. स्वतंत्र भारताच्या 1959च्या कायद्याने चाप पाहिला. चाप दाबून धरल्यास गोळ्या सुटत राहतात, ते प्रतिबंधित शस्त्र, अशी कलम 2 मधील व्याख्या आहे. आणि नियमांच्या अनुसूचीने पिस्तुले वगळून अर्धस्वयंचलित बंदुकाही त्याच पहिल्या गटात बसवल्या. 1962च्या नियमांतील ही रचना 2016च्या नव्या नियमांतही आहे. .315ची बोल्ट रायफल जिल्हाधिकारी किंवा पोलीस आयुक्तांच्या परवान्यावर मिळू शकते. मिनी-14 सारख्या रायफलीसाठी थेट केंद्रीय गृह खात्याचे दार ठोठवावे लागते. दस्ता लाकडी की घडीचा, हे आपला कायदा विचारत नाही. शिकारीचे निमित्तही 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने जवळपास संपवले. या एका बाबतीत आपला कायदा अमेरिकेच्या कायद्यापेक्षा शहाणा आहे, हे आम्ही मोकळेपणाने मान्य करतो.

पण कायदा शहाणा असून भागत नाही. वर्गीकरणाची आणखी एक पायरी आपल्या कायद्यात आहे, आणि ती थेट आमच्याशी निगडित आहे. अनुसूचित जाती व जमाती अत्याचार प्रतिबंधक नियम, 1995 मधील नियम 3 वाचा. जिथे अत्याचार घडण्याची शक्यता आहे अशी क्षेत्रे राज्य सरकारने निश्चित करावीत. आवश्यक वाटल्यास तेथील बिगर अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींचे, त्यांच्या नातलगांचे, नोकरांचे शस्त्र परवाने रद्द करून शस्त्रे सरकारी शस्त्रागारात जमा करावीत. बेकायदा शस्त्रे जप्त करावीत. आणि आवश्यक वाटल्यास अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना शस्त्र परवाने द्यावेत, असे त्यात म्हटले आहे. बंदूक कोणत्या गटातील आहे एवढेच या नियमाला पुरेसे वाटत नाही. तिची नळी कोणाकडे रोखली जाणार आहे, असे तो विचारतो. बळीच्या बाजूने लिहिलेली ही व्याख्या आहे!

हा नियम 1995चा. 1 डिसेंबर 1997 रोजी बिहारमधील लक्ष्मणपूर बाथे येथे रणवीर सेनेने 58 दलित स्त्री-पुरुष-मुलांना गोळ्या घालून मारले. ऑक्टोबर 2013 मध्ये पाटणा उच्च न्यायालयाने 26 आरोपींना निर्दोष सोडले. नियम कागदावर होता, बंदुका रस्त्यावर होत्या.

म्हणून आमचे वाचकांना सांगणे एवढेच आहे. कायद्याची व्याख्या कंपनीच्या जाहिरातीवरून लिहिली तर काय होते, हे मॉन्ट्रियलने दाखवले. व्याख्या चांगली असूनही ती अंमलात आणणारे झोपले तर काय होते, हे बाथेने दाखवले. सुऱ्याचे पाते इंचाने मोजणाऱ्या व्यवस्थेला गावच्या धनदांडग्याच्या भिंतीवर टांगलेली बंदूकही दिसली पाहिजे. माहितीचा अधिकार 2005 पासून आपल्या हाती आहे. प्रत्येक जिल्ह्यातील कार्यकर्त्याने साध्या कागदावर अर्ज करावा आणि तीन प्रश्न विचारावेत : जिल्ह्यात अत्याचारप्रवण क्षेत्रे कोणती? नियम 3 खाली आजवर किती परवाने रद्द झाले? आणि त्याच नियमाखाली आमच्या किती लोकांना परवाने मिळाले? उत्तर ‘निरंक’ आले तर तोच कागद घेऊन पुढची लढाई सुरू करावी. आम्ही वकील मंडळी सोबत आहोत.

जय भीम!