डेटाबेसचा बॅकअप पासवर्डविना. मात्र खात्याची सुरक्षा निर्णायक

रात्री ठरलेल्या वेळी आपोआप चालणाऱ्या डेटाबेस बॅकअपचा पासवर्ड अनेकदा स्क्रिप्टमध्येच उघडा लिहिलेला असतो. ती फाइल वाचू शकणाऱ्या प्रत्येकाच्या हाती डेटाबेसची किल्ली लागते. शिवाय पासवर्ड बदलला आणि स्क्रिप्ट तशीच राहिली, तर बॅकअपच बंद पडतो.

ऑपरेटिंग सिस्टिमद्वारे ओळख पटविण्याची पद्धत हा प्रश्न सोडविते. ओरॅकल डेटाबेसमध्ये सर्व्हरवर लॉग-इन केलेले खाते नेमून दिलेल्या गटाचे सदस्य आहे का, हे तपासले जाते. वेगळा पासवर्ड विचारला जात नाही. २०१३ मध्ये आलेल्या '१२सी' आवृत्तीपासून बॅकअपसाठी 'सिसबॅकअप' हा स्वतंत्र अधिकारही उपलब्ध आहे. त्यात बॅकअप व पुनर्स्थापना करता येते. मात्र ग्राहकांच्या नोंदी थेट वाचण्याची मुभा मिळत नाही.

तथापि, पासवर्ड हटला म्हणून जोखीम संपत नाही. ती सर्व्हरवरील खात्याकडे सरकते. त्या खात्यात शिरणाऱ्याला डेटाबेस अडवत नाही. त्यामुळे गटाचे सदस्य मोजकेच ठेवणे आवश्यक ठरते. बॅकअपच्या फाइलमध्ये सर्व माहिती असल्याने ती कूटबद्ध करणे आणि त्यातून डेटाबेस खरोखर उभा राहतो का, हे वेळोवेळी पडताळणेही तितकेच गरजेचे आहे.