शेफील्डचीं शमादानें

जुन्या घरांच्या फडताळांत कधीं कधीं विलायती शमादानांची एखादी जोडी आढळते. आमच्याहि घरीं तशी एक होती. वर्षानुवर्षें घासल्यामुळें तिच्या कंगोऱ्यांवर तांबें डोकावूं लागलें, तेव्हां कल्हई उडालेल्या पातेल्याप्रमाणें हीहि पुनः उजळून घ्यावी, असें आम्हांस वाटलें. ही समजूत चुकीची होती. कां, तें समजण्यास हीं शमादानें कशीं घडत, तें पाहिलें पाहिजे.

इंग्लंडांतील शेफील्ड शहरीं टॉमस बोल्सोव्हर नांवाचा सुऱ्या-चाकूंचा कारागीर होता. १७४३ च्या सुमारास त्यास असें आढळलें कीं, तांबें व चांदी एकत्र तापवून सांधलीं असतां पुढें कितीहि लाटलीं तरी तीं एकाच धातूप्रमाणें बरोबर पसरतात. त्यानें यांपासून गुंड्या केल्या. मोठीं पात्रें करण्याची वाट जोसेफ हॅनकॉक यानें दाखविली.

रीत अशी. तांब्याची वीट स्वच्छ घासून तिजवर चांदीचा पत्रा तारेनें बांधीत, कडांस टांकणखार लावीत व भट्टींत ठेवीत. चांदी ९६२ अंश सेंटिग्रेडला व तांबें १०८५ अंशांला वितळतें. परंतु दोहोंचें योग्य मिश्रण ७८० अंशांच्या सुमारासच वितळतें. त्यामुळें सांध्यावर दोन्ही धातु एकजीव होतात. कडेला चांदी पाझरूं लागतांच वीट बाहेर ओढावी लागे; उशीर झाला कीं चांदी तांब्यांत जिरून जाई. मग रुळांत लाटून पत्रा करीत. पोलादी ठशांत तो ठोकून शमादानाचे भाग उठवीत, डाक देऊन जोडीत व पोकळींत राळेसारखा पदार्थ भरीत. म्हणून तें हातास जड लागे.

१८४० सालीं बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन यांनीं विजेच्या मुलाम्याचें पेटंट घेतलें आणि थोड्याच वर्षांत ही विद्या मागें पडली. विजेची चांदी शुद्ध, म्हणून पांढरीशुभ्र. जुन्या पत्र्याच्या चांदींत थोडें तांबें असे, म्हणून तिची झांक सौम्य.

आमची जोडी मुलामा देऊन परत आली, ती चकचकीत होऊन. परंतु ती सौम्य झांक व सांध्याची बारीक रेघ नव्या थराखालीं कायमचीं गेलीं. जाणत्यांच्या दृष्टीनें तिचें मोलहि उतरलें.

स्वयंपाकाच्या भांड्यास कल्हई हवीच; तो आरोग्याचा प्रश्न आहे. शमादानाची गोष्ट निराळी. वाचकांच्या घरीं अशी जोडी असल्यास तीस राख-चिंच लावूं नये, कढत पाण्यांत बुडवूं नये, कारण आंतील राळ मऊ होते. केवळ मऊ फडक्यानें पुसावी. तांबें दिसलें तर तें वय समजावें, दोष समजूं नये.