सेम फाईल, सेम प्रिंटर; मग कुंकू विटकरी का?

चैत्री पौर्णिमा. येरमाळ्यात येडेश्वरीच्या यात्रेची गर्दी. समजा, सुट्टीला गावी आलेले तुम्ही मित्राच्या फोटो स्टुडिओत मदतीला बसलात. दुकानातल्या जुन्या पीसीवरून काढलेल्या फोटोत कपाळावरचं कुंकू लालभडक. तुमच्या लिनक्स लॅपटॉपवरून काढलं की तेच विटकरी! प्रिंटर, कागद, शाई सगळं तेच. प्रोफाइल बनवणारं सॉफ्टवेअरही तेच, ‘आर्गिल सीएमएस’. फक्त बिल्ड वेगळी. गिऱ्हाईक दारात उभं. आता?

आधी थोडं बेसिक. आर्गिल हे ऑस्ट्रेलियाच्या ग्रॅम गिल यांनी लिहिलेलं मोफत, ओपन सोर्स सॉफ्टवेअर. ‘टारजेन’ रंगांचे ठिपके ठरवतं, ‘प्रिंटटार्ग’ त्यांचा तक्ता मांडतं, ‘चार्टरीड’ मीटरने तो वाचतं आणि ‘कोलप्रॉफ’ त्यावरून प्रिंटरची प्रोफाइल बनवतं. सोर्स कोड खुला असल्याने तो कुणीही कंपाइल करू शकतं. म्हणून एकाच नावाच्या अनेक बिल्ड फिरत असतात.

पहिला नियम: एका वेळी एकच गोष्ट बदला. तक्ता एकदाच छापा, एकदाच मोजा. प्रिंटटार्ग ठिपक्यांची जागा मुद्दाम उलटसुलट करतं. त्यामुळे एका मशीनवरचा तक्ता आणि दुसऱ्या मशीनवरची फाईल अशी सरमिसळ झाली, तर लालच्या जागी निळा मोजला जाईल. मोजणीची टीआय-थ्री फाईल साधी टेक्स्ट फाईल असते. तीच दोन्हीकडे कॉपी करा आणि हॅश जुळतो का बघा.

मग व्हर्जन आणि कमांडचे ऑप्शन शब्दन् शब्द तपासा. व्हर्जन बदललं की डीफॉल्टही बदललेलं असू शकतं.

आता एक गंमत. दोन्ही प्रोफाइलचे हॅश वेगळे आले तर लगेच घाबरू नका. आयसीसी प्रोफाइलच्या हेडरमध्ये ती बनवल्याची तारीख-वेळ असते, त्यामुळे हॅश जुळणारच नाही. त्यापेक्षा ‘प्रोफचेक’ चालवा. मोजलेला रंग आणि प्रोफाइलने सांगितलेला रंग यांतलं अंतर, म्हणजे डेल्टा ई, ते सांगतं.

बिल्डमुळे खरंच फरक पडतो का? पडतो. जुन्या ३२-बिट बिल्डमध्ये गणित ८० बिटांच्या रजिस्टरमध्ये होऊ शकतं, ६४-बिटमध्ये सहसा ६४ बिटांत. राउंडिंग बदलतं आणि शेवटचे दशांश हलतात. पण डेल्टा ई साधारण १ च्या खाली असेल, तर तो फरक डोळ्याला सहसा कळत नाही. लालचं विटकरी त्याने होत नाही.

दोन्ही प्रोफाइल जवळपास सारख्या निघाल्या, तर संशय प्रिंट ड्रायव्हरवर घ्या. एका मशीनवर ड्रायव्हरही स्वतःचं कलर करेक्शन लावत असेल, तर रंग दोनदा बदलतो. तक्ता छापताना आणि प्रोफाइल लावून फोटो काढताना ते बंदच हवं.

इतकं करूनही फरक मोठाच राहिला तर? मग तुम्हाला कदाचित खरा बग सापडलाय! ‘रंग चुकतोय’ एवढंच कळवू नका. टीआय-थ्री फाईल, नेमकी कमांड, दोन्ही व्हर्जन, ऑपरेटिंग सिस्टीम आणि प्रोफचेकचे आकडे द्या. समोरच्याला तोच घोळ स्वतःच्या मशीनवर घडवता आला, तरच तो दुरुस्त होतो. कोडची एक ओळही न लिहिता ओपन सोर्सला हातभार लावता येतो, तो असा.

आणि तोवर? कुंकू लालभडक येतंय त्या पीसीवरूनच प्रिंट द्या. यात्रा थांबत नाही.