एका दाताचा फरक

दसरा-दिवाळीच्या सुमारास केज तालुक्यातल्या नांदूरघाटच्या आसपासची गावं रिकामी होऊ लागतात. ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रातल्या कारखान्यांकडे निघतात. संसार, कोयते, लेकरं असं सगळं गाडीत चढतं. ही गाडी बालाघाटचे चढ कशी चढते, हे मागच्या हाउसिंगमध्ये तेलात बुडालेल्या क्राउन-पिनियन या दातेरी चाकांच्या जोडीवर बरंचसं ठरतं.

क्राउनला ४१ दात धरू, पिनियनला ६. म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला प्रोपेलर शाफ्टचे ६.८३ फेरे. पिनियन ७ दातांचा बसवला की ५.८६. फरक एका दाताचा.

ट्रकच्या चाकाचा घेर साधारण ३.२ मीटर. म्हणजे किलोमीटरला चाकाचे सुमारे ३१२ फेरे. टॉप गिअरमध्ये इंजिन आणि शाफ्ट एकाच वेगाने फिरतात असं धरलं, तर त्याच किलोमीटरला सहा दातांच्या जोडीला इंजिनाचे २,१३५ फेरे लागतात, सात दातांच्या जोडीला १,८३०. तीनशे किलोमीटरच्या वाटेवर ९१,५०० फेऱ्यांची बचत! सहा सिलिंडरच्या इंजिनात दर फेऱ्याला तीन स्फोट होतात, म्हणजे पावणेतीन लाख स्फोट वाचले. वेगही वाढतो: २,५०० फेऱ्यांवर सहा दातांची गाडी ७० ला थांबते, सात दातांची ८२ ला पोचते. म्हणून ‘क्राउन बदला, गाडी पळेल’ हा सल्ला सपाट रस्त्यावर खराच आहे.

आता चढ घेऊ. विसाला एक असा चढ आणि १८.५ टनांची भरलेली गाडी. वजनाचा विसावा भाग मागे ओढतो: ९२५ किलो. टायरांचा रोध शेकडा एक धरला, तर आणखी १८५. एकूण १,११० किलोंची ओढ लागते. इंजिनाचा पीळ ४०० न्यूटन-मीटर, तिसरा गिअर २.५, आणि घर्षणात दहा टक्के गेले असं धरून हिशेब केला, तर सहा दातांची जोडी रस्त्याला १,२३० किलोंची ओढ देते. सात दातांची देते १,०५५.

पंचावन्न किलो कमी पडले. एका माणसाच्या वजनाइतके. साडेअठरा टनांची गाडी तेवढ्यासाठी तिसऱ्यात दम सोडते आणि ड्रायव्हरला दुसरा टाकावा लागतो. दुसरा गिअर ४ चा धरला, तर १,५०० फेऱ्यांवर ‘पळणारी’ गाडी ताशी १२ किलोमीटरने चढते आणि ‘संथ’ गाडी तिसऱ्यातच १७ ने पुढे जाते. वेगासाठी केलेला बदल घाटात वेगच खातो, हे मला या हिशेबातलं सगळ्यात विलक्षण वाटतं.

जुलै २०१८ मध्ये केंद्राने दोन आसांच्या ट्रकची वजनमर्यादा १६.२ टनांवरून १८.५ टनांवर नेली. जुन्या १६.२ टनांना याच चढावर लागते ९७२ किलोंची ओढ. म्हणजे सात दातांची तीच गाडी तेव्हा तिसऱ्यात चढली असती! कागदावर वाढलेल्या २,३०० किलोंनी तिला एक गिअर खाली आणलं.

गाडीचा मीटर गिअरबॉक्सवरून चालत असेल, तर पिनियन बदलल्यावर तोही फसतो. काटा ६० दाखवतो तेव्हा गाडी खरी ७० ने धावत असते.

शेवटी उतार. साडेअठरा टन शंभर मीटर खाली उतरले, की जी ऊर्जा मोकळी होते तिने ५८ लिटर साधं पाणी उकळीला येईल. ती ब्रेकच्या ड्रमांनी तरी पचवायची, नाहीतर इंजिनाने. आणि त्याच गिअरमध्ये इंजिनाचा रोध सहा दातांची जोडी चाकापर्यंत एक षष्ठांशाने जास्त पोचवते. गाडीत माणसं बसली असतील, तर मी सहा दातांची जोडीच ठेवेन.