पेटीतले पदक : पारख कशी करावी, मोल कसे ठरवावे

१४ एप्रिल, धम्मचक्र प्रवर्तन दिन आणि ६ डिसेंबरला बाबासाहेबांची प्रतिमा असलेली पदके, बिल्ले, लॉकेटे आपल्या घरी येतात. आजी-आजोबांच्या पेटीतही एखादे असतेच. कोणी ते भंगारात देऊन टाकतो, तर कोणी “सरकारी नाणे आहे, दीक्षेच्या वेळचे आहे” या बोलण्याला भुलून पगारातले पैसे मोजतो. दोन्हीकडून नुकसान कष्टकरी माणसाचेच. म्हणून आम्ही काही साध्या खुणा येथे देत आहोत.

प्रथम, नाणे की पदक ते पाहावे. नाण्यावर अशोकस्तंभाचे सिंह, ‘भारत’ हा शब्द व रुपयांतील किंमत असते. बाबासाहेबांचे एक रुपयाचे नाणे १९९० साली निघाले, तर १० व १२५ रुपयांची नाणी २०१५ साली. किमतीचा आकडा नसेल तर ते पदक. ते खासगी कारखानदार किंवा एखादे मंडळही पाडून घेऊ शकते.

नंतर काळ. पदकावर ‘भारतरत्न’ असेल तर ते १९९० पूर्वीचे असूच शकत नाही, कारण हा किताब त्या वर्षी मिळाला. चैत्यभूमीचा स्तूप १९७१ साली, तर नागपूरच्या दीक्षाभूमीचा २००१ साली खुला झाला. स्तूपाचे चित्र असलेले पदक १९५६ चे म्हणून कोणी विकू लागला, तर हात जोडून परत पाठवावे.

आता धातू. ‘९२५’ म्हणजे हजार भागांत ९२५ भाग चांदी. जर्मन सिल्व्हरमध्ये चांदी मुळीच नसते. ते तांबे, जस्त व निकेल यांचे मिश्रण. लोहचुंबकाला चिकटले तर चांदी नव्हे. पण पितळही चिकटत नाही, म्हणून तेवढ्यावर थांबू नये. पदकाचे वजन करावे, मग दोऱ्याला टांगून पाण्यात पूर्ण बुडवून पुन्हा करावे. २१ ग्रॅमचे पदक पाण्यात १९ ग्रॅम भरले, तर २१ ला २ ने भागून १०.५ येतात. शुद्ध चांदीचा आकडा हाच. पितळेचा साधारण साडेआठ येतो. कड झिजून पिवळे दिसत असेल तर वर नुसता मुलामा आहे.

किमतीचा हिशोब सोपा आहे. १० ग्रॅमच्या ‘९२५’ पदकात सव्वानऊ ग्रॅम चांदी. तिला त्या दिवसाच्या भावाने गुणावे. सराफ त्यातून घट कापतो. संग्राहक मात्र जास्त देतो, तो दुर्मिळपणा, स्थिती आणि पुराव्यासाठी. म्हणून पदक चिंचेने किंवा राखेने घासू नये. मंडळाची पावती किंवा त्या दिवसाचा फोटो असल्यास सोबतच ठेवावा.

पितळेच्या बिल्ल्याला मोडीत फारसे पैसे येणार नाहीत. पण तो कोणी, कोणत्या मोर्चात छातीवर लावला होता, हे सांगणारी वडीलधारी मंडळी घरात आहेत तोवर त्यांना विचारून कागदावर लिहून घ्यावे, अशी आमची सर्व बंधुभगिनींना विनंती आहे.

जयभीम!